‘म्बांगू’ मुखवट्यावरील तळटीप

१४. म्बांगू : काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या नैर्ऋत्य भागातील पेंडे समाजाचा लाकडी मुखवटा. चेहऱ्याची एक बाजू काळी, दुसरी पांढरी. नाक वाकडे, तोंड एका अंगाला ओढलेले. लकवा मारलेल्या चेहऱ्याशी असलेल्या साम्यामुळे संग्रहालयांत तो ‘आजाराचा मुखवटा’ म्हणून ओळखला जातो. पेंडे लोकांच्या लेखी मात्र हा करणीला बळी पडलेल्या माणसाचा चेहरा आहे. नाचणाऱ्याच्या पाठीवर कुबड असते आणि कधीकधी त्यात बाण रुतवलेला असतो. चेटक्याचा अदृश्य बाण लागला की धडधाकट माणूसही असा होतो, ही त्यामागची समजूत. म्हणजे व्याधी हा रोग्याचा अपराध नव्हे. ती कोणावरही ओढवू शकते.

आग्नेय नायजेरियातील इबिबिओंच्या ‘एक्पो’ या पुरुषमंडळाच्या मुखवट्यांत याउलट अर्थ दिसतो. त्यांतील ‘इडिओक’ मुखवट्यांवर रोगाने झडलेली नाके आणि विस्कटलेले चेहरे कोरलेले असतात, आणि हे चेहरे दुराचारी मृतांच्या अस्वस्थ आत्म्यांचे मानले जातात. मूळ लेखात दोन्ही मुखवटे ‘आफ्रिकी आजार-मुखवटे’ या एकाच नावाखाली आले आहेत. वाचकांनी त्यांचे अर्थ वेगळे ठेवावेत. — संपा.