तबकडी-संचाची अर्धवट पुनर्रचना आणि तिचा उद्धार

अनेक तबकड्या एकत्र गुंफून त्यांपैकी एक निकामी झाली तरी माहिती सुरक्षित राखावी, ही कल्पना १९८८ पूर्वीची आहे. आय. बी. एम. मधील नॉर्मन केन औची यांना १९७८ साली मिळालेल्या एकस्वात तिचे एक पूर्वरूप आढळते. तथापि तिला नाव व वर्गवारी मिळाली ती बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांच्या १९८८ च्या निबंधामुळे. ‘रेड’ या संज्ञेखाली त्यांनी पाच प्रकार सांगितले. त्यांपैकी पाचव्यात प्रत्येक ओळीतील माहिती-खंडांवरून एक समता-खंड काढला जातो. हरवलेला कोणताही एक खंड उरलेल्यांवरून पुन्हा सिद्ध करता येतो.

या योजनेची मर्यादा मात्र प्रारंभी फारशी जाणवली नाही. समता-खंड ‘काय हरवले’ याचे उत्तर देतो. ‘कोणता खंड कोठे आहे’ याचे उत्तर तो देऊ शकत नाही. संचात नवी तबकडी घालून त्याचा विस्तार करू लागताच हाच दुसरा प्रश्न निर्णायक ठरतो.

लिनक्स प्रणालीत प्रथम याकरिता ‘रेडरीकॉन्फ’ हे साधन होते. त्यासाठी संच बंद ठेवावा लागे, आणि मध्येच खंड पडल्यास काम पुढे चालू करण्याची सोय नव्हती. २००१ पासून नील ब्राऊन यांनी ‘एमडीएडीएम’ हे साधन घडविले, आणि जून २००६ मधील लिनक्स २.६.१७ या आवृत्तीत चालू संचाचाच विस्तार करण्याची शक्ती आली.

त्यातील धोका एका उदाहरणाने स्पष्ट होईल. तीन तबकड्यांच्या संचात प्रत्येक ओळीत दोन माहिती-खंड असतात. चौथी तबकडी येताच तीन होतात. नव्या पहिल्या ओळीत खंड १, २ व ३ जातात. पण ती जुन्या पहिल्या ओळीवरच, म्हणजे खंड १ व २ यांच्या एकमेव प्रतीवरच लिहिली जाते. दुसऱ्या ओळीत खंड ४ ची हीच गत होते. तिसऱ्या ओळीपासून जी जागा पुसली जाते तिच्यातील खंड ५ व ६ आधीच हलविलेले असतात; म्हणून धोका सरतो. या आरंभीच्या संकटकाळापुरती एक राखीव प्रत निराळ्या ठिकाणी ठेवली जाते. तबकड्यांची संख्या कायम ठेवून केवळ खंडाचा आकार बदलावयाचा असल्यास मात्र वाचन व लेखन सतत एकाच जागी होते, आणि राखीव प्रत अखेरपर्यंत लागते. २०१२ च्या लिनक्स ३.५ पासून माहितीचा आरंभबिंदूच सरकविता येऊ लागल्याने, पुरेशी मोकळी जागा असल्यास या प्रतीची गरज उरली नाही.

वीज जाऊन वा तबकडी निखळून काम थांबले, तर संचाचा एक भाग नव्या मांडणीत व दुसरा जुन्या मांडणीत राहतो. दोहोंमधील सीमा प्रत्येक तबकडीवरील ‘सुपरब्लॉक’मध्ये नोंदलेली असते. उद्धाराचा सारा आधार ती नोंद होय. राखीव प्रत उपलब्ध असल्यास ती देऊन संच जुळविला की काम सीमेपासून पुढे चालते. प्रत नष्ट झाली असल्यास तिच्याविना जुळविण्याचीही सोय आहे. त्या क्षणी हलविला जाणारा भाग तेवढा गमावण्याची शक्यता राहते.

वस्तुतः मोठी हानी पुष्कळदा बिघाडानंतर होते. संच जुळत नाही असे पाहून तो त्याच तबकड्यांवर नव्याने ‘निर्माण’ केला जातो. त्यासरशी जुने सुपरब्लॉक पुसले जातात आणि सीमेची नोंद जाते. यापुढे जुनी मांडणी गृहीत धरली तर आरंभीचा भाग विसंगत दिसतो, नवी धरली तर उत्तरभाग. माहिती तबकड्यांवर असते, पण ती वाचण्याची किल्ली उरत नाही. म्हणून सुपरब्लॉकमधील मजकूर प्रथम उतरवून घ्यावा, आणि पुढील प्रत्येक प्रयोग तबकड्यांच्या प्रतींवर अथवा मूळ तबकडीला स्पर्श न करता लेखन अन्यत्र वळविणाऱ्या आवरणावर करावा, असा दंडक रूढ झाला आहे.

एकंदरीत, या साधनाच्या विकासात वेगाइतकेच महत्त्व अपुऱ्या अवस्थेची विश्वसनीय नोंद ठेवण्याला आले आहे. ‘रेडरीकॉन्फ’मध्ये ती सोय नव्हती, म्हणून तेथे व्यत्यय म्हणजे विनाश होता, पुढील साधनांत ती आली, म्हणून व्यत्यय हा केवळ विराम ठरू शकला. ही नोंद जपणे मात्र अद्याप उद्धारकर्त्याच्या संयमावरच अवलंबून आहे.