चोपडीतील पहिले वर्ष

बोअर युद्धाच्या भरतीत शेकडो तरुण अशक्त प्रकृतीपायी नापास ठरल्यामुळे इंग्लंडच्या राज्यकर्त्यांना पुढील पिढीविषयी जी विवंचना लागली, तिच्या ओघात १९०५ साली हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाईंची मुख्य आरोग्य-परिचारिका व सुईणींच्या तपासनीस म्हणून नेमणूक झाली. वार्धक्य आणि आरोग्य यांच्या आजच्या संशोधनाची एक थोर शाखा या नेमणुकीपासून फुटली आहे. बाईंच्या अमदानीत रीत पडली ती अशी, की बाळंतपण उरकताच सुईणीने अर्भकाचे वजन टिपावयाचे, पुढे वर्षभर परिचारिकेने त्या घरी खेपा घालून मूल अंगावर पिते की बाटलीवर वाढते, कोणते दुखणे येऊन गेले, दात किती आले हे पाहावयाचे, वर्ष भरताच पुन्हा वजन करावयाचे आणि हा सारा तपशील कचेरीतील चोपड्यांत ओळीने उतरवावयाचा. १९११ पासून १९४८ पर्यंत हा शिरस्ता चालला.

पुढे साउदम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर, हृद्रोगाचे मूळ गर्भावस्थेत व शैशवात असावे असा तर्क बांधून, जुन्या प्रसूतिनोंदींच्या शोधात असताना या चोपड्या त्यांच्या हाती आल्या. परंतु त्यांत आयुष्याचा केवळ आरंभ होता; अखेर होती ती साउथपोर्ट येथील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या मध्यवर्ती दप्तरात, ज्याचा पाया १९३९ च्या युद्धकालीन शिरगणतीने घातला होता. एक दप्तर बालसंगोपनासाठी, दुसरे ओळखपत्रांसाठी. दोन्ही ताडून पाहिली तेव्हा त्या अर्भकांचे पुढे काय झाले ते कळू लागले. विवाहोत्तर आडनावे बदलत असल्याने स्त्रियांचा माग दुष्कर होता, म्हणून प्रथम पुरुषच अभ्यासिले गेले. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५,६५४ पुरुष होते. राष्ट्रीय प्रमाण १०० धरले असता, वर्षाचे असताना १८ पौंड वा त्याहून कमी भरलेल्यांत हृद्रोगाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण १११ होते आणि २७ पौंड वा अधिक भरलेल्यांत अवघे ४२.

अशी दप्तरे ज्यांच्या स्वाधीन आहेत त्यांनी नावे झाकून आकडे मात्र इतर अभ्यासकांस खुले करावेत, असे मला अंतःकरणापासून वाटते. कारण नोंद करणाऱ्याला जो प्रश्न सुचलेलाच नसतो, त्याचे उत्तरही कित्येकदा तिच्यात दडलेले असते. हर्टफर्डशायरमध्ये १९३१ ते १९३९ या काळात जन्मलेल्या सुमारे तीन हजार स्त्री-पुरुषांची पुढे तपासणी झाली, तेव्हा म्हातारपणीच्या हाताच्या पकडीचे बळदेखील जन्माच्या वेळच्या वजनाशी निगडित असल्याचे आढळले.

ही विद्या महाराष्ट्रातही आली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी साउदम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत, गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांची मापे घेण्यास आरंभ केला. तेथील नवजात अर्भके सरासरी २.७ किलोंची, साउदम्प्टनची ३.५ किलोंची, तथापि आपल्या कृश बालकांच्या त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता, आणि मधुमेहाच्या दृष्टीने ही बाब चिंतेची ठरली. या बालकांचा माग पुढेही सुटला नाही. ती तारुण्याच्या उंबरठ्यावर आली तेव्हा त्यांना ब-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या भावी अपत्यांची प्रकृती सुधारते काय, हे पाहण्याचा प्रयोगही याच नोंदींच्या आधारे हाती घेण्यात आला.