होळकरांची ड्यूसेनबर्ग आणि सुपरचार्जरचा हिशेब

माझ्या टेबलावर एक फुटका पिस्टन आहे. व्हाइटफील्डला राहणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याने तो आणून दिला. त्याने जुनी सुपरचार्ज्ड सेडान घेतली, सुपरचार्जरची पुली काढून लहान पुली बसवली आणि तीन महिने मजेत काढले. चौथ्या महिन्यात पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटली. दुरुस्तीचा आकडा ऐकून वडिलांनी गाडी विकायला काढली. "सर, फक्त पुलीच तर बदलली होती," असे तो म्हणाला. या पाठात आपण त्या 'फक्त'चा इतिहास पाहणार आहोत.

आधी मूळ गोष्ट. साधे इंजिन हवा स्वतः ओढून घेते. सुपरचार्जर ती हवा दाबून आत भरतो, आणि तो चालवण्याची ताकद क्रँकशाफ्टकडूनच घेतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. ही कल्पना मोटारीत आली ती विमानांच्या बाजूने, कारण उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन धापा टाकते. (व्हाइटफील्ड समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे तुमच्या इंजिनाला इथे मुंबईपेक्षा सुमारे 10 टक्के कमी हवा मिळते.)

पहिल्या महायुद्धात विमानांची इंजिने करणाऱ्या डाइमलर कंपनीने 1921 साली बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जर बसवलेल्या मर्सिडीज मोटारी मांडल्या. त्यांची पुढची एक गाडी, 1924 सालची, '24/100/140' या नावाने ओळखली जाते. पहिला आकडा कराच्या हिशेबाचा, दुसरा सुपरचार्जरशिवायच्या अश्वशक्तीचा, तिसरा सुपरचार्जरसह. गंमत अशी की सुपरचार्जर कायम फिरत नसे. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर पार तळापर्यंत दाबला की क्लच लागे आणि तो सुरू होई, तोही थोड्याच वेळापुरता वापरायचा. 140 अश्वशक्ती खरी होती, पण ती उसनी होती. इंजिन 100 साठी केलेले, म्हणून वरची 40 वेळेच्या बोलीवर मिळत. मला हे उत्तर फार प्रामाणिक वाटते.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नावर भांडण झाले. टिम बर्किन या शर्यतवाल्याला साडेचार लिटरच्या बेंटलीवर सुपरचार्जर हवा होता. डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा विरोध होता. ताकद हवी तर इंजिन मोठे करा, असे त्यांचे मत. बर्किनने गाडी करून घेतली. साध्या इंजिनाची सुमारे 110 अश्वशक्ती रस्त्यावरच्या गाडीत 175 वर आणि शर्यतीच्या गाडीत 240 च्या घरात गेली. 1930 च्या ल मान्सच्या 24 तासांच्या शर्यतीत सुपरचार्ज्ड बेंटली आणि काराचिओलाची सुपरचार्ज्ड मर्सिडीज, सगळ्या बाद झाल्या. जिंकली ती बेंटलीचीच स्पीड सिक्स, साडेसहा लिटरची आणि सुपरचार्जर नसलेली.

आता आपल्या माणसाकडे येऊ. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर हे नव्या वस्तूंचे मोठे शौकीन. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून उभारून घेतला. 1930 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी अमेरिकेची ड्यूसेनबर्ग एसजे मागवली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन आसनांची उघडी बॉडी चढवून घेतली. लोक त्या बॉडीचे फोटो पाहतात. तुम्ही बॉनेटखाली पाहा.

साधी ड्यूसेनबर्ग जे म्हणजे 6.9 लिटरचे, एका ओळीत आठ सिलिंडरचे इंजिन. कंपनीचा दावा 265 अश्वशक्तीचा. एसजेमध्ये सेंट्रिफ्युगल सुपरचार्जर आला आणि दावा 320 वर गेला. दर मिनिटाला 4000 फेऱ्यांना दाब साधारण 5 पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे बाहेरच्या हवेच्या 1.34 पट. मग हवा 34 टक्के जास्त भरली का? नाही. दाबलेली हवा तापते. बाहेर 30 अंश असेल आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर आत जाणारी हवा सुमारे 74 अंशांची होते. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे प्रत्यक्ष वाढ 17 टक्क्यांच्या आसपास उरते. वही घ्या आणि हे गणित स्वतः करून बघा. उरलेल्या 17 टक्क्यांचे काय झाले हे कळले की इंटरकूलर का हवा ते वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय 320 हा आकडा 4750 फेऱ्यांवरचा होता आणि 265 हा 4200 च्या आसपासचा. पिस्टन वरखाली फेकण्याचे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे नुसत्या फेऱ्यांमुळे कनेक्टिंग रॉडवरचे ते बल जवळपास सव्वापट. जे मॉडेलचे रॉड अ‍ॅल्युमिनियमचे होते. एसजेसाठी कंपनीने ते काढून पोलादाचे नळीसारखे रॉड घातले आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा जास्त कडक केल्या. कारण धातुशास्त्राच्या तासाला तुम्ही शिकला आहात : अ‍ॅल्युमिनियमला थकव्याची खालची मर्यादा नसते, पोलादाला असते. सुमारे 21 टक्के ताकदीसाठी इंजिनाच्या पोटातले भाग बदलावे लागले, आणि तेही कारखान्यात, गाडी विकण्याआधी.

सेंट्रिफ्युगल प्रकाराचा आणखी एक गुण भरवशाच्या बाजूने होता. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गानुसार चढतो. महाराजांची गाडी इंदूरच्या रस्त्यांवर निम्म्या फेऱ्यांवर चालत असेल तेव्हा दाब पावपट, म्हणजे जवळपास साधेच इंजिन. रूट्स प्रकारात तसे नाही. तो खालच्या फेऱ्यांपासूनच हवा ढकलतो. अलीकडच्या रस्त्यावरच्या सुपरचार्ज्ड गाड्यांत बहुधा रूट्स घराण्याचाच प्रकार दिसतो.

माझ्या विद्यार्थ्याच्या गाडीतही तोच होता. पुलीचा व्यास 10 टक्के कमी केला की रोटर 11 टक्के जोरात फिरतात. दाब वाढतो, त्याहून वेगाने उष्णता वाढते. होप फार्मच्या सिग्नलला दहा मिनिटे उभी राहिलेली गाडी, तापलेला इंटरकूलर, आणि मग मोकळा रस्ता दिसताच दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर : मिश्रण ठिणगीआधी किंवा ठिणगीनंतर भलतीकडेच पेटते. नॉक सेन्सर ठिणगी मागे घेऊन इंजिन वाचवायला बघतो, म्हणजे पुलीने दिलेली ताकद कॉम्प्युटर परत काढून घेतो. त्या विद्यार्थ्याने साधे पेट्रोल भरले होते, इंधनाचा नकाशा जुनाच ठेवला होता, आणि हवेचे तापमान कधी मोजले नव्हते. पिस्टनची कड रोज थोडी थोडी तडकत होती.

त्याने गाडी विकली नाही. नवे पिस्टन टाकले, मूळ पुली परत बसवली आणि इनटेकला 300 रुपयांचा तापमापक लावला. आता तो सिग्नलनंतर तो आकडा खाली येईपर्यंत थांबतो. लहान पुली माझ्याकडे आहे, पिस्टनच्या शेजारी.