भोंगा, कॉलम, डॉल्बी: लग्नातल्या आवाजाची जुळणी

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात लग्न ठरलं की मांडव आणि आचारी यांच्या बरोबरीनं एक प्रश्न हमखास निघतो: डॉल्बी कुणाचा सांगायचा? इथे डॉल्बी म्हणजे ट्रॉलीवर किंवा टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत. आता गंमत बघा. रे डॉल्बी हा अमेरिकन अभियंता. 1965 साली त्यानं लंडनमध्ये आपली प्रयोगशाळा काढली, ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. म्हणजे नको तो आवाज घालवणं हा त्याचा धंदा. त्याआधीची दोन वर्षं तो संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून आपल्याच देशात होता. पुढे टेपरेकॉर्डरच्या झाकणावर आणि सिनेमागृहांच्या पाट्यांवर त्याचं नाव दिसायला लागलं, आणि आपल्याकडे ते गावातल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाला चिकटलं. वरातीत वाजणाऱ्या त्या भिंतीचा आणि डॉल्बीच्या शोधाचा तसा काही संबंध नाही.

आज आपल्याला त्या भिंतीपर्यंत कसं पोचलो ते बघायचं आहे. इतिहास म्हटला की आपण तारखा आणि शोध मोजतो. आम्ही मात्र एक साधा प्रश्न धरून चालणार आहोत. लग्नाची सुपारी घेतलेल्या माणसाला त्या त्या काळात काय काय उचलून न्यावं लागे, आणि ते जोडून आवाज निघाला की कोणाचं काम वाढे, कोणाचं जाई?

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. 1915 साली कॅलिफोर्नियात जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी चुंबक, तारेचं वेटोळं आणि कर्णा यांची सांगड घालून माणसाचा आवाज मोठ्या जमावापर्यंत पोचवला. त्याआधी, 1902 साली, कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं आणि भारतात तबकड्यांचं युग सुरू झालं. पण चावीचा ग्रामोफोन लग्नात कितीसा ऐकू जाणार? ओसरीवर बसलेल्यांना. मांडवात सनई-चौघडाच हवा.

तबकडी आणि कर्णा एकत्र आले, त्यांच्या मधोमध अँप्लिफायर बसला, आणि मग लग्नातला ‘स्पीकरवाला’ जन्माला आला. दिल्लीची अहुजा कंपनी 1940 ची. पुढच्या काळात हे नाव आपल्याकडे इतकं रुळलं की अनेक गावांत अँप म्हणजे अहुजाच. स्पीकरवाल्याचा संच असा असे: एक अँप, एक फोनो, तबकड्यांची पेटी, एक माईक, एक-दोन भोंगे, त्यांची युनिटं, वायरची गुंडाळी, आणि मोटारीची बॅटरी. बॅटरी का, तर गावात वीजच नव्हती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालं 1960 साली, आणि त्यानंतर वीज गावोगाव पोचायला कित्येक वर्षं गेली. व्हॉल्व्हच्या अँपला शे-दोनशे व्होल्ट लागत, बॅटरीत सहा किंवा बारा. ते चढवणारी जोडणी अँपमध्येच असे आणि ती बॅटरी भराभर खाऊन टाकी. भरलेली बॅटरी तालुक्याहून आणायची, हळदीला कमी वाजवायचं आणि अक्षतांसाठी राखून ठेवायची, हा हिशोब स्पीकरवाल्याच्या डोक्यात कायम.

भोंगाच का, हे जरा नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर आहे. साध्या कागदी पडद्याच्या स्पीकरला वीज दिली तर तिच्यातली एक-दोन टक्केच आवाजात बदलते, बाकीची उष्णता होऊन जाते. भोंग्याच्या युनिटमधला छोटा पडदा कर्ण्यामुळे हवेला घट्ट पकड घालतो, त्यामुळे त्याच विजेत कितीतरी पट आवाज निघतो. अँपची ताकद वीस-तीस वॅट असताना गावच्या शिवारापर्यंत गाणं पोचवायचं तर दुसरा उपाय नव्हता. पण त्याची किंमत होती. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली हा भोंगा जवळजवळ मुका. सनई वाजे, बाईचा आवाज वाजे, ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ तर फारच स्वच्छ वाजे. ढोलकीची थाप मात्र नुसती टकटक ऐकू येई.

म्हणून त्या काळात लोक भोंग्यावर नाचले नाहीत. भोंगा झाडाला किंवा माडीला बांधलेला असे आणि त्याचं काम होतं लग्नघर कुठे आहे ते पंचक्रोशीला कळवणं. नाचायला अंगात शिरणारा ठेका लागतो. तो हलगीत होता, ताशात होता, पुढे बँडच्या मोठ्या ड्रममध्ये होता. दुसरं कारण आणखी साधं. तबकडीला सपाट जागा लागते. बैलगाडीवर फोनो ठेवून वरात काढली तर खड्ड्या-खड्ड्याला पिन उडणार. म्हणजे स्पीकर मांडवात अडकलेला, आणि रस्ता वाजंत्र्यांचा.

आणि वाजंत्री म्हणजे नुसते कलावंत नव्हेत, हे विसरून चालणार नाही. कोणी काय वाजवायचं हे गावगाड्यात जन्मावरून ठरलेलं. सनई-चौघडा पुष्कळ ठिकाणी गुरवांकडे, हलगी-डफडं मातंग समाजाकडे. वाजवायचं, आणि जेवणाच्या पंगतीला मात्र शेवटी किंवा बाहेर. 1956 च्या धर्मांतरानंतर महार समाजातल्या अनेकांनी गावकीची जुनी कामं नाकारली, त्यात वाजवण्याचं कामही होतं. ही माणसं कलेचा कंटाळा येऊन नव्हे तर अपमानाला नकार देऊन बाजूला झाली. या पार्श्वभूमीवर स्पीकर बघा. तो कोणाच्या जातीचा नव्हता. ज्याच्याकडे चार पैसे आणि थोडं सोल्डरिंगचं ज्ञान, त्याचा तो. आम्हाला वाटतं, यंत्र आलं आणि कला मेली असं जे सरसकट म्हटलं जातं त्यात अर्धंच सत्य आहे. हलगीवाल्याच्या घरातून एक उत्पन्न गेलं हे खरं. पण त्याच्या मुलानं हलगी सोडून स्पीकरचा संच घेतला, तेव्हा त्याला कुणी मांडवाबाहेर बसवू शकलं नाही, हेही तितकंच खरं.

दोन गोष्टींनी भोंग्याचं राज्य संपवलं: कॅसेट आणि ट्रान्झिस्टर. फिलिप्सनं कॅसेट काढली 1963 साली, आपल्याकडे ती घराघरात शिरली ऐंशीच्या दशकात. कॅसेट हलली तरी वाजते. बस्स, एवढ्यानं गाणं रस्त्यावर आलं. आणि 2एन3055 नावाचा एक जाडजूड, लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर बाजारात मुबलक झाला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास गेलं की ट्रान्झिस्टर, उष्णता खेचणारी ॲल्युमिनियमची पट्टी, ट्रान्सफॉर्मर, कंडेन्सर असं सगळं सुटं मिळे. आयटीआय झालेला पोरगा घरी बसून अँप जुळवी, आणि गावचा सुतार प्लायवूडची खोकी करून देई. मांडवाच्या खांबांना उभे लांबट ‘कॉलम’ आले. आपल्या मते या धंद्याचा सगळ्यांत रसरशीत काळ हाच. कंपनीचा माल महाग होता म्हणून माणसं स्वतः शिकली. खोक्याची लांबी-रुंदी चुकली तर आवाज घुमतो, दोन स्पीकरच्या तारा उलट-सुलट जोडल्या तर बेस गायब होतो, हे पुस्तकात न वाचता कानानं कळलेलं शास्त्र आहे.

मग नव्वदीत बेस उचलता यायला लागला. अठरा इंची स्पीकर, त्याचं कपाटाएवढं खोकं, वर वेगळा ‘टॉप’, आणि जाड-बारीक आवाज वेगळे करून ज्याचा त्याला पाठवणारा क्रॉसओव्हर. साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या खालचं सगळं खाली जमिनीवरच्या खोक्याला, बाकीचं वर. अँपमधले ट्रान्सफॉर्मर इतके जड की एक अँप उचलायला दोघं लागत. सोबत जनरेटर, टेम्पो, चार पोरं. पण ठेका आता छातीत वाजायला लागला, आणि बँडवाल्याची जी एक गोष्ट स्पीकरला जमत नव्हती ती जमली. वरात हातची गेली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत निओडिमियमच्या चुंबकांनी आणि क्लास-डी अँपनी वजन इतकं उतरवलं, की पूर्वी टेम्पोभर जो आवाज मावे तो आता छोट्या व्हॅनमध्ये मावतो. कॅसेटच्या जागी पेनड्राइव्ह, लॅपटॉप. चार पोरांचं काम दोघांवर आलं.

वजन उतरलं, तर संच लहान व्हायला हवे होते. झालं उलट, भिंती वाढल्या. इथे थोडं गणित करू. अँपची ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला दहापट ताकद लागते. म्हणजे शेजारच्या गावच्या संचापेक्षा नजरेत भरेल इतका मोठा आवाज काढायचा तर खर्च दुपटीचा नाही, दहापटीचा. स्पर्धेत उतरलेली पोरं कर्जात का जातात, त्याचं उत्तर या एका आकड्यात आहे. आणि धंदा हंगामी. तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू, आषाढात बंद, मध्ये भाद्रपदात गणपती. हप्ता मात्र बारा महिने. 2020 साली ऐन लग्नसराईच्या तोंडावर टाळेबंदी लागली, मग पन्नास माणसांत लग्न करा असा नियम आला. पन्नास माणसांना कोण भिंत लावणार!

कायद्याचंही बघू. ध्वनिप्रदूषणाचे नियम आले 2000 साली. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर सविस्तर निकाल दिला. 2018 साली गणेश विसर्जनात डीजे-डॉल्बीला परवानगी द्यायला मुंबई उच्च न्यायालयानं नकार दिला. आता उघड्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर 130 डेसिबल देणारा स्पीकर पन्नास मीटरवरच्या घरात सुमारे 96 देतो. कुठे 55 आणि कुठे 96! त्या घरात आजारी म्हातारं माणूस असेल, तान्हं मूल असेल. ‘वर्षातून एकदाच लग्न’ हे वऱ्हाडाला शोभतं. कार्यालयाशेजारी राहणाऱ्याला ते दर मुहूर्ताला सोसावं लागतं.

आणि ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही तो म्हणजे स्वतः ऑपरेटर. 85 डेसिबलमध्ये आठ तास ही कामाच्या जागेची सुरक्षित मर्यादा धरली जाते, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करायचा असं एक मापन आहे. त्या हिशोबानं 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. हा पोरगा वरातीत चार-चार तास भिंतीच्या शेजारी उभा असतो, हंगामभर. तिशीत त्याचा टॉप कमी ऐकू यायला लागतो, म्हणून तो टॉप आणखी वाढवतो. कानात घालायची फोमची बोंडं औषधाच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. ती घातलेली माणसं मिक्सरवर क्वचितच दिसतात.

एका श्रोत्यानं चिठ्ठी दिली आहे: ‘भिंत नको, आडवी-उभी वरात नको, तीनशे माणसांच्या कार्यालयातल्या लग्नाला आज काय जुळवावं?’ चांगला प्रश्न आहे. दोन पंधरा इंची टॉप, अँप आतच असलेले, तिकाटण्यावर माणसांच्या डोक्याच्या वर राहतील एवढे उंच. एक अठरा इंची बेस, जमिनीवर, भिंतीला लागून. भिंतच त्याला फुकट मदत करते. छोटा मिक्सर. आणि पैसे वाचवायचेच असतील तर बेसवर वाचवा, माईकवर नको. कारण लग्नात खरं ऐकू यायला हवं ते मंगलाष्टक. भटजी अंतरपाटाच्या इकडून तिकडे फिरतात, आत्या-मावश्या माईक हातात घेऊन स्पीकरसमोर जाऊन उभ्या राहतात, आणि शिट्टी वाजते. म्हणून टॉप बोहल्याच्या पुढे, तोंड माणसांकडे, माईक कायम त्यांच्या पाठीमागे. गुरुजींना आधीच भेटून माईक तोंडाजवळ धरायला सांगावं, ते ऐकतात. विजेची तार लाइटिंगवाल्याच्या बोर्डातून घेऊ नका, त्याचे डिमर आवाजात गुणगुणतात. अर्थिंग स्वतः तपासा. गावाकडे संध्याकाळी दाब 180 व्होल्टपर्यंत उतरतो, तेव्हा स्टॅबिलायझर सोबत ठेवा. सुरू करताना आधी मिक्सर, मग स्पीकर. बंद करताना उलट, आधी स्पीकर, मग मिक्सर. नाहीतर तो धप्पकन येणारा ठोका थेट पडद्यावर बसतो, आणि अक्षता हातात घेतलेली सगळी माणसं दचकतात.