चोक आधी, ट्यूब नंतर

साधा बल्ब घ्या, होल्डरमधून दोन वायरी काढा, टॉप लावा आणि सॉकेटमध्ये बसवा. पेटतो. ट्यूबलाइटची नळी अशी थेट जोडली तर एक तर पेटणारच नाही, नाहीतर पेटताक्षणी जळेल, फुटेलही. मध्ये चोक लागतोच. का लागतो? या प्रश्नाचा इतिहास ट्यूबपेक्षा जुना आहे. संशोधनाचा विषय शोधताना आपण आधी 'शोध कोणी लावला' हे विचारतो. इथे तो प्रश्न फार लांब नेत नाही.

आधी थोडं भौतिकशास्त्र. बल्बमधली तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणजे ती स्वतःला आवरते. वायूचं उलटं. प्रवाह सुरू झाला की आयन वाढतात, आयन वाढले की वाट आणखी मोकळी होते आणि प्रवाह आणखी वाढतो. पाठ्यपुस्तकात याला निगेटिव्ह रेझिस्टन्स म्हणतात. बाहेरून कोणी लगाम घातला नाही तर हे थांबत नाही.

हे वागणं शास्त्रज्ञांना आधी छळत होतं ते कार्बनच्या आर्क दिव्यात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लंडनमध्ये हर्था आयर्टन या आर्कमागे लागल्या. दिवा फुसफुसतो का, प्रवाह वाढवला की व्होल्टेज कमी का होतं, दोन कांड्यांमधलं अंतर बदललं तर काय होतं, हे त्यांनी चिकाटीने मोजलं आणि व्होल्टेज, प्रवाह व अंतर यांना जोडणारं समीकरण दिलं. फुसफुसण्याचं कारण कार्बनपर्यंत पोचणारा ऑक्सिजन, हेही त्यांचंच काम. 1899 मध्ये इंग्लंडच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेत स्वतःचा निबंध स्वतः वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. रॉयल सोसायटीत मात्र 1901 चा त्यांचा निबंध जॉन पेरींना वाचावा लागला. 1902 मध्ये त्यांचं 'द इलेक्ट्रिक आर्क' हे पुस्तक आलं आणि त्याच वर्षी फेलोशिपसाठी नावही सुचवलं गेलं. विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही, असा कायदेशीर सल्ला घेऊन ते नाकारलं. 1906 मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं! पदक चालतं, सभासदत्व चालत नाही. असो.

नळीची गोष्ट त्यामानाने लवकर सांगून होते. पीटर कूपर ह्युइटचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा 1901 चा. उजेड भरपूर, पण निळसर-हिरवा. माणसाचा चेहरा आजारी दिसायचा. जर्मनीत एडमंड गेर्मर आणि सहकाऱ्यांनी 1926 मध्ये आतून चमकणारा लेप दिलेल्या नळीसाठी पेटंट अर्ज केला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॉर्ज इनमन यांच्या गटाने ती बाजारात नेण्याजोगी केली, विक्री 1938 मध्ये सुरू झाली, आणि गेर्मरचं पेटंट कंपनीने विकत घेतलं. आता सांगा, शोध कोणाचा? लगामाची गरज मात्र या सगळ्यांना सारखीच होती.

रोध लावूनही प्रवाह आवरता येतो, पण वीज उष्णतेत वाया जाते. एसीवर चोक तेच काम फार कमी नुकसानात करतो. शिवाय स्टार्टर उघडला की चोकच शेकडो व्होल्टचा झटका देऊन नळीतला वायू पेटवतो. 'ट्यूब उशिरा पेटली' हे आपण ज्याच्या नावाने बोलतो तो उशीर स्टार्टरमधली द्विधातू पट्टी तापून निवण्याचा.

आता टॉप लावण्याबद्दल, कारण इथे इतिहास जिवावर येऊ शकतो. चार फुटी ट्यूबला चालताना साधारण 100 व्होल्ट लागतात. आपल्या 230 व्होल्टवर साधा चोक मालिकेत पुरतो. अमेरिकेत पुरवठाच 120 चा, म्हणून तिथल्या चोकमध्ये व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मरही असतो आणि जोडणी वेगळी. तिथे काळी वायर फेज; आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल आणि लाल फेज. तिथला व्हिडिओ बघून इथली पट्टी जोडायची नाही. आपल्याकडे फेज चोकमधून नळीच्या एका टोकाच्या एका पिनला, न्यूट्रल दुसऱ्या टोकाच्या एका पिनला, उरलेल्या दोन पिनांमध्ये स्टार्टर. टॉप थ्री-पिनच, आणि हिरवी वायर लोखंडी पट्टीला घट्ट. जुन्या चोकचं इन्सुलेशन गेलं की वीज पट्टीत उतरते. दोन पिनांच्या टॉपला ती जायला वाट नसते, तुम्ही हात लावेपर्यंत.

एलईडीमुळे तांब्याचे चोक आता भंगारात चाललेत. विभागाच्या प्रयोगशाळेत एखादा उरला असेल तर सरांसमोर, ट्यूब पेटल्यानंतरच, नळीवरचं आणि चोकवरचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. बेरीज 230 येणार नाही, बरीच जास्त येईल. फेजर आकृती काढून बघा का ते.