एका रोगाची अनेक नावे

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे फोर्डचे नाट्यगृह या नावाची एक इमारत आहे. १८६५ च्या एप्रिल महिन्यात तेथे नाटक पाहावयास आलेल्या अध्यक्ष लिंकन यांच्यावर मारेकऱ्याने गोळी झाडली आणि त्यानंतर शंभरावर वर्षे त्या रंगमंचावर पडदा वर गेला नाही. सरकारने इमारत ताब्यात घेतली आणि काही काळातच सैन्याच्या वैद्यक खात्याचा ग्रंथसंग्रह तेथे आणून ठेवला. ज्या वास्तूत एका मोठ्या पुरुषाचा घात झाला, त्याच वास्तूत पुढे असंख्य रोग्यांच्या उपयोगी पडणारे एक काम उभे राहिले.

या संग्रहाचे प्रमुख जॉन शॉ बिलिंग्ज हे यादवी युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया केलेले डॉक्टर होते. विद्यार्थिदशेत त्यांनी अपस्मारावरील शस्त्रक्रियेचा प्रबंध लिहावयास घेतला. या शस्त्रक्रियेने किती रोगी बरे झाले आणि किती दगावले एवढीच माहिती त्यांना हवी होती. परंतु ती शेकडो ग्रंथांत आणि मासिकांत विखुरलेली होती व ती कोठे आहे हे सांगणारे कोणी नव्हते. हा अनुभव ते विसरले नाहीत. १८७९ साली त्यांनी नव्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूची देणारे 'इंडेक्स मेडिकस' हे मासिक सुरू केले आणि पुढच्याच वर्षी संपूर्ण संग्रहाच्या विषयसूचीचा पहिला खंड छापून प्रसिद्ध केला. ग्रंथाबरोबरच नियतकालिकातील प्रत्येक लेखालाही विषयाचे नाव देऊन तो सूचीत बसवावयाचा, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी तो अनेकांना वेडेपणाच वाटला असेल.

परंतु विषयाला नाव देणे हे वाटते तितके सोपे नाही. क्षयरोगाचेच उदाहरण घ्यावे. ग्रीक परंपरेत वाढलेला वैद्य त्याला 'थायसिस' म्हणे, इंग्लंडातील सामान्य माणूस 'कन्झम्प्शन' म्हणे, आणि मानेच्या गाठींच्या रूपाने तो प्रकटला की त्याचे नाव 'स्क्रोफ्युला' होई. हे सारे एकाच जंतूचे खेळ आहेत हे कोणाला निश्चित ठाऊक नव्हते. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला, आणि कालपर्यंत जे वेगवेगळे रोग मानले जात होते ते एका नावाखाली आले. विज्ञान एका दिवसात पुढे गेले. जुने ग्रंथ मात्र जुनीच नावे घेऊन फडताळांत उभे राहिले. १८८२ पूर्वीचे अनुभव शोधू पाहणाऱ्याने केवळ 'ट्यूबरक्युलोसिस' हा शब्द धरला, तर अर्धे भांडार त्याला बंदच राहावयाचे.

मराठी माणसाला ही अडचण नवी वाटू नये. आपल्याकडे महारोग, कुष्ठ, रक्तपिती ही एकाच व्याधीची नावे वापरात होती. आणि गंमत अशी की, 'रक्तपित्त' हा शब्द आयुर्वेदाच्या ग्रंथात आला की त्याचा अर्थ रक्तस्रावाचा निराळाच विकार असा होतो. 'देवी' हा शब्द तर रोगाचाही आणि दैवताचाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी फसगत: एका वस्तूला अनेक शब्द, आणि एका शब्दाला अनेक वस्तू.

पैकी पहिल्या फसगतीवरचा उपाय भारताला फार प्राचीन काळापासून माहीत होता. अमरसिंहाच्या 'नामलिंगानुशासना'त, म्हणजे आपण ज्याला अमरकोश म्हणतो त्यात, शब्द वर्णानुक्रमाने लावलेले नाहीत. स्वर्ग, भूमी, वनौषधी, मनुष्य असे वर्ग पाडून एकेका वस्तूची सारी नावे एकत्र गुंफली आहेत. आपली गुळवेल तेथे गुडूची आहे, अमृता आहे, छिन्नरुहा आहे आणि मधुपर्णीही आहे. कोश पाठ असणाऱ्याला यांतले कोणतेही एक नाव कानी पडले की उरलेली आपोआप आठवत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी रचलेला राजव्यवहारकोश याच घाटाचा आहे. पण त्यात एक पाऊल पुढे आहे. तेथे पर्यायांतला कोणता शब्द राज्याने वापरावयाचा, हे ठरवून दिलेले आहे. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनीसाला सचिव, डबीराला सुमंत. तरीही दफ्तरांत 'पेशवा' हा शब्द राहिलाच, आणि आज जुने कागद चाळणाऱ्या संशोधकाला दोन्ही नावे ठाऊक असावी लागतात. शब्द ठरवून देता येतो, जुना शब्द पुसता येत नाही. आणि शोधणाऱ्याच्या दृष्टीने तो न पुसला जाणेच बरे.

युरोपात याच जातीचा प्रसिद्ध ग्रंथ पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने १८५२ साली प्रसिद्ध केला. आयुष्याची सत्तरी ओलांडल्यावर छापलेल्या या ग्रंथाचा पहिला आराखडा त्यांनी १८०५ सालीच करून ठेवला होता. त्यांनी एक हजार कल्पना घेतल्या आणि प्रत्येकीभोवती तिचे शब्द जमविले. ग्रंथाला नाव दिले 'थेसॉरस'. या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ खजिना किंवा कोठार. रॉजेंचा हेतू लेखकाला चपखल शब्द मिळावा एवढाच होता. आपल्या ग्रंथाचे नाव शंभर वर्षांनी ग्रंथपालांच्या हाती एका निराळ्याच हत्याराला मिळेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसावे.

तो प्रसंग दुसऱ्या महायुद्धानंतर आला. युद्धकाळात झालेल्या संशोधनाच्या अहवालांचे ढीग पडले होते. मॉर्टिमर टॉब या अमेरिकन गृहस्थांनी १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक धीट तोड सुचविली: लांबलचक विषयनामे सोडून द्यावीत, लेखातील सुटे शब्द घ्यावेत, प्रत्येक शब्दाचे एक पत्र करून त्यावर लेखांचे क्रमांक मांडावेत, आणि दोन पत्रांवर जो क्रमांक समान येईल तो लेख काढावा. युक्ती सुटसुटीत होती, पण सुट्या शब्दांना परस्परांचे नाते कळत नाही. 'शाळा' आणि 'ग्रंथालय' ही दोन पत्रे जुळविली की शाळेतले ग्रंथालयही हाती येते आणि ग्रंथपालांना शिकविणारी शाळाही. शिवाय 'विद्यालय' लिहिणाऱ्याचा लेख दोन्हींतून निसटतो. तेव्हा शब्दांची नाती सांगणारा कोश हवा हे उमगले. ड्यू पाँट या रसायन उद्योगाने १९५९ साली असा कोश आपल्या कामापुरता तयार केला, अमेरिकन संरक्षण खात्याच्या कागदपत्रांसाठी १९६० साली दुसरा झाला, आणि रॉजेंचा 'थेसॉरस' हा शब्द या कोशांना कायमचा चिकटला.

अशा कोशाची रचना तशी साधीच असते. एका कल्पनेसाठी एक पद मान्य करावयाचे. तिची बाकीची नावे टाकून न देता त्या प्रत्येकापुढे मान्य पदाकडे बोट दाखवावयाचे. आणि मान्य पदाजवळ त्याहून व्यापक पद कोणते, त्याच्या पोटातली पदे कोणती, आणि शेजारची पदे कोणती, हे नोंदवावयाचे. घराण्याची वंशावळ असते तसेच हे.

ही नाती शास्त्रशुद्ध रीतीने ओळखावयाची कशी, याचा सर्वांत खोल विचार मात्र भारतात झाला. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासचे गणिताचे अध्यापक १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे करून पुन्हा जोडण्याची रीत होती: रोग कोणता, अवयव कोणता, उपाय कोणता, स्थळ कोणते, काळ कोणता. विषयनामांची साखळी उलगडून सूची करण्याची त्यांची पद्धत ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने १९५० साली स्वीकारली, आणि १९६९ साली जीन एचिसन यांनी इंग्लंडात पैलूंचे वर्गीकरण व पर्यायकोश यांचा एकत्र संसार थाटून दाखविला, त्याच्या मुळाशीही हाच विचार होता. एरवी पाश्चात्त्यांकडून उसने घेतल्याची सवय झालेल्या आपल्या देशाला हे ऋण उलट दिशेचे आहे, याची फारशी जाणीव दिसत नाही.

इकडे बिलिंग्ज यांचा संग्रह १९५६ साली अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय झाला होता. त्या ग्रंथालयाने १९६० साली वैद्यकीय विषयपदांचा आपला कोश प्रसिद्ध केला. त्यात सुमारे ४,४०० पदे होती, आणि ग्रंथांना व लेखांना तीच पदे लावावयाची असा नियम झाला. १९६३ च्या आवृत्तीत पदे वर्गवारीने लावून दिली व पुढे त्यांना वृक्षाचे रूप आले. या वृक्षाची एक खुबी अशी की, एक पान एकाहून अधिक फांद्यांवर असू शकते. फुप्फुसाचा क्षय संसर्गजन्य रोगांच्या फांदीवर आहे आणि श्वसनाच्या रोगांच्या फांदीवरही आहे. 'फुप्फुसाचे रोग' एवढे मागितले तर यंत्र त्या फांदीवरचे सारे, म्हणजे दमा, न्यूमोनिया, क्षय, आपण होऊन आणून देते. मागणाऱ्याला एकेकाचे नाव घ्यावे लागत नाही. १९६४ साली हे काम संगणकाकडे गेले. त्या वेळी डॉक्टरने प्रश्न लिहून पाठवावयाचा, ग्रंथालयातील जाणत्याने तो कोशाच्या पदांत मांडावयाचा, आणि उत्तराची वाट पाहावयाची, असा रिवाज होता.

पण कोश केला म्हणजे सारे सापडले असे होते काय? हा प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या ग्रंथालयाने दाखविले, ही त्याची थोरवी. विल्फ्रिड लँकेस्टर यांनी सुमारे ३०० खऱ्या शोधांची परीक्षा करून १९६८ साली निष्कर्ष मांडला: उपयोगी लेखांपैकी सरासरी ५७.७ टक्के हाती लागतात, आणि हाती लागलेल्यांपैकी ५०.४ टक्केच उपयोगी असतात. उरलेले गेले कोठे? काही ठिकाणी कोशातच नेमके पद नव्हते, काही ठिकाणी सूची करणाऱ्याने पद लावले नाही, काही ठिकाणी शोध मांडताना पर्याय सुटले, आणि कित्येकदा विचारणाऱ्यालाच आपला प्रश्न नीट सांगता आला नव्हता. त्याच सुमारास इंग्लंडातील क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी केलेले प्रयोग तर कोशकारांना अधिकच बोचणारे होते. लेखातलेच सुटे शब्द, त्यांची रूपे आणि अगदी जवळचे पर्याय एवढ्यावर भागविणारी साधी पद्धत बारकाईने घडविलेल्या पद्धतींहून सरस ठरली. यावर पुढे कित्येक वर्षे वाद झाला. प्रयोगासाठी घेतलेले १,४०० लेख बहुतांशी विमानविद्येचे होते, आणि त्या शास्त्राची भाषा पुष्कळशी एकवाक्यतेची आहे. जेथे एका रोगाला शतकाशतकाला नवे नाव मिळते तेथे हाच निकाल लागला असता असे मानणे धाडसाचे होईल.

शिवाय नावाला नुसता अर्थ नसतो, मानही असतो. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ साली वर्णन केलेल्या एका जन्मजात अवस्थेला एका मानववंशाचे नाव चिकटले. १९५९ साली तिचे कारण गुणसूत्रांत सापडले. १९६१ साली काही आनुवंशतज्ज्ञांनी ते नाव टाकण्याची जाहीर विनंती केली, आणि १९६५ साली मंगोलियाने जागतिक आरोग्य संघटनेकडे त्याविरुद्ध गाऱ्हाणे मांडले. वैद्यकाच्या कोशातही मान्य पद बदलून 'डाउन सिंड्रोम' झाले. मात्र जुना शब्द पुष्कळ वर्षे पर्याय म्हणून आत राहिला. तो काढून टाकला असता तर शंभर वर्षांच्या निरीक्षणांची वाटच बुजली असती.

१९७१ साली हा शोध दूरध्वनीच्या तारांवरून होऊ लागला आणि १९९७ साली 'पबमेड' या नावाने तो साऱ्या जगाला विनामूल्य खुला झाला. आता मध्ये जाणता ग्रंथपाल राहिला नाही. कोणी 'कॅन्सर' असा शब्द टाकला तर यंत्र गुपचूप कोश उघडते आणि 'नियोप्लाझम्स' हे मान्य पदही शोधते. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. सोय मोठी, परंतु तिच्या पोटात एक धोका आहे. जे यंत्राने दाखविले नाही ते नाहीच, असे मनाने घेतले जाते.

२००१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे दम्याच्या एका प्रयोगात २४ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे देण्यात आले, आणि फुप्फुसे निकामी होऊन ती मरण पावली. प्रयोगापूर्वी शोध घेतला गेला होता. पण त्या वेळी पबमेडमधील नोंदी १९६६ पासूनच्या होत्या, आणि या औषधाने फुप्फुसांना होणाऱ्या अपायाचे लेख १९५० नंतरच्या दशकातले होते. ते छापील सूचीत होते, फडताळावर होते. येथे कोश अपुरा पडला नव्हता. कोशाचा हात जेथवर पोचत होता त्याच्या पलीकडे कोणी पाहिले नव्हते. पुढे त्या जुन्या नोंदीही यंत्रात भरल्या गेल्या, आणि त्यांची जुनी पदे नव्या पदांशी जुळविण्याचे किचकट काम ग्रंथालयाला करावे लागले.

आणि अमरकोशातली ती गुळवेल? २०२० च्या साथीत ती घरोघर काढ्यात पडली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रोग्यांच्या यकृताला झालेल्या अपायाचा अहवाल प्रसिद्ध केला व त्याचा संबंध गुळवेलीशी जोडला. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, गुळवेल म्हणजे 'टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया'. तिच्यासारखीच दिसणारी 'टिनोस्पोरा क्रिस्पा' निराळी, आणि अहवालात दोहोंतला भेद नीट केलेला नाही. वाद कोणाच्या बाजूने मिटावा हे वैद्यांनी ठरवावयाचे आहे. पण त्याची शहानिशा करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने गुळवेल, गुडूची, गिलोय, अमृता आणि टिनोस्पोराच्या दोन्ही जाती, अशी सारी नावे टाकून पाहिल्याखेरीज त्याच्यापुढे पुरावा पुरता यावयाचा नाही.