निर्वासित कोण, पोटासाठी गेलेला कोण?

- प्रतिनिधी

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत बहुसंख्य हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे होते. तिघे महाराष्ट्रातीलही होते. अशा चोरवाटेने जाणारे अनेक जण सीमेवर पकडले गेल्यावर आश्रयाचा अर्ज करतात. तो मान्य होण्यासाठी नेमके काय सिद्ध करावे लागते?

याचा पाया १९५१ चा जिनिव्हा करार. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युरोपासाठी केलेल्या या कराराची कालमर्यादा व भौगोलिक मर्यादा १९६७ च्या पूरक कराराने काढून टाकली. त्यानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत या पाचपैकी एखाद्या कारणाने छळ होईल अशी साधार भीती असलेली, आपल्या देशाबाहेर असलेली आणि त्या देशाचे संरक्षण घेऊ न शकणारी वा त्या भीतीमुळे घेऊ न इच्छिणारी व्यक्ती म्हणजे निर्वासित. अशा व्यक्तीला जिथे जीविताला धोका आहे तिथे परत धाडता येत नाही. मराठीत आपण हा शब्द बराच सैल वापरतो. खोरे सोडून जम्मूच्या छावण्यांत आलेले काश्मिरी पंडित या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांनी देशाची सीमा ओलांडलेली नाही.

दारिद्र्य, बेकारी, दुष्काळ, कर्जबाजारीपणा ही कारणे या यादीत नाहीत. त्यांतून होणारे हाल कितीही खरे असले तरी तेवढ्यावर निर्वासिताचा दर्जा मिळत नाही.

मात्र ही रेषा वाटते तितकी ठळक नाही. १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली. त्यांत गुजराती व्यापारी मोठ्या संख्येने होते. त्यांची दुकाने गेली, कारखाने गेले. वरवर पाहता नुकसान आर्थिक, पण कारण वंशाचे! संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या मार्गदर्शिकेतही हेच बजावले आहे. एखाद्या गटाची उपजीविकाच नष्ट करणाऱ्या आर्थिक उपायांमागे वांशिक, धार्मिक वा राजकीय हेतू असेल, तर त्याचे बळी देश सोडताना निर्वासित ठरू शकतात. त्यामुळे रोजगार गेला म्हणून आलो, असे सांगणाऱ्याला तो का गेला, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. घाईच्या मुलाखतींत नेमका तोच राहून जाण्याची भीती असते.

भीती किती 'साधार' हवी? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, निकाराग्वातून आलेल्या कार्डोझा-फोन्सेका यांच्या खटल्यात, छळाची शक्यता निम्म्याहून अधिक असण्याची गरज नाही, असे ठरविले. दहा टक्के शक्यताही पुरेशी ठरू शकते. हा निकष उदार दिसतो. परंतु छळाचे कारण त्या पाचपैकी एक असल्याचे दाखवावेच लागते, आणि हातात कागदपत्रे न घेता पळालेल्या माणसासाठी ते कठीण असते.

भारताने या दोन्ही करारांवर सही केलेली नाही आणि स्वतंत्र निर्वासित कायदाही केलेला नाही. १९५९ पासून आलेले तिबेटी आणि १९८३ नंतरचे श्रीलंकेतील तमिळ येथे राहिले ते सरकारी निर्णयांच्या आधारे.

दलालाच्या सांगण्यावरून खोटी कहाणी रचणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत पूर्वसूचना देऊनही जाणूनबुजून बनावट अर्ज केल्याचे सिद्ध झाले, तर त्या देशात स्थलांतराच्या जवळजवळ सर्व सवलतींचे दार कायमचे बंद होते.